नाव कोणी घेतलं?

मी दहावीत होतो. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एका मोकळ्या तासाला एक गोष्ट सांगितली. ती पुस्तकात नव्हती, परीक्षेला येणार नव्हती. म्हणूनच बहुधा लक्षात राहिली. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून १९८२ मध्ये वेगळा झाला, त्यानंतरची ही तीन-चार वर्षांतली गोष्ट. आमचे गाव मूलच्या पलीकडे, जंगलाला लागून. सर झाडीपट्टीच्या नाटकांचे शौकीन. मंडईच्या रात्री स्वतः तोंडाला रंग लावून उभे राहायचे. त्या दिवशी वर्गात फळ्यासमोरही त्यांनी नाटकच उभे केले.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सेलम नावाचे गाव. साल १६९२. पाद्र्याच्या घरातल्या दोन मुली, एक ९ वर्षांची आणि दुसरी ११ वर्षांची, अचानक किंचाळू लागल्या, अंग वेडेवाकडे करू लागल्या. औषध लागू पडेना. मग ही चेटकाची बाधा ठरली आणि मोठ्यांनी मुलींना विचारले, "कोण छळतंय तुम्हाला?" पहिली तीन नावे आली ती अशी: पाद्र्याच्या घरची गुलाम बाई टिटुबा, दारोदार भीक मागणारी सारा गुड आणि चर्चमध्ये न दिसणारी आजारी सारा ऑसबर्न. पाठीशी कोणी नसलेल्या तिघी. पुढे दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी दिली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याच्या छातीवर दगड रचून त्याचा जीव घेतला. "तिची छाया रात्री येऊन मला चिमटे काढते", हा कोर्टात पुरावा धरला गेला. गुन्हा कबूल करणारे फासातून सुटले आणि नाकारणारे लटकले.

गोष्ट संपली आणि सरांनी विचारले, "तुम्ही तिथं असता, तर कोणाचं नाव घेतलं असतं?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. कारण मी एक नाव घेऊन बसलो होतो.

त्याच्या दोन वर्षे आधी माझ्या धाकट्या भावाला थंडीताप भरला. ताप उतरेना. अम्मीने त्याला ताईत बांधणाऱ्या एका बाबाकडे नेले. बाबाने विचारले, "पोरानं कोणाच्या हातचं खाल्लं?" अम्मीला आठवेना. मी पटकन बोललो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा म्हातारी राहायची. जंगलातून आणलेली टेंभरं ती आम्हा पोरांना वाटायची. आदल्या आठवड्यात भावानेही खाल्ली होती, मीही खाल्ली होती. मी फक्त भावाचे सांगितले.

भाऊ बरा झाला तो सरकारी दवाखान्यातल्या मलेरियाच्या गोळ्यांनी. पण नाव गल्लीत फिरले. हिंदू-मुसलमान असा भेद त्यात कोणी केला नाही, सगळ्यांनीच ते सारख्या विश्वासाने पसरवले. बाया तिच्यासोबत विहिरीवर जाईनात. पोरांना तिच्या अंगणातून हाका मारून परत बोलावले जाई. पावसाळ्यापूर्वी ती भावाच्या गावी निघून गेली. तिला कोणी बोटही लावले नाही. त्यामुळे आम्ही स्वतःला चांगली माणसे समजत राहिलो.

पुढे बी.ए.ला असताना ग्रंथालयात सरांच्या गोष्टीचे मूळ सापडले: आर्थर मिलरचे 'द क्रूसिबल' हे नाटक. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. मिलरने ते १९५३ मध्ये रंगभूमीवर आणले. त्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध चालला होता आणि चौकशी समित्या माणसांना बोलावून साथीदारांची नावे मागत होत्या. १९५६ मध्ये मिलरलाही बोलावले. त्याने स्वतःविषयी सांगितले, पण दुसऱ्यांची नावे द्यायला नकार दिला. त्याबद्दल तो दोषी ठरला आणि १९५८ मध्ये वरच्या कोर्टात सुटला. आपल्याकडे १९६७ मध्ये तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आले. त्यात खेळ म्हणून मांडलेला खटला एका शिक्षिकेच्या जिवावर उठतो. दोन्ही नाटके वाचताना मला आमची गल्ली दिसत होती.

हे सगळे जुने झाले, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, करणीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या ७ जणांना भर चौकात खांबाला बांधून मारले. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसे होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला त्याच महिन्यात ८ वर्षे पूर्ण झाली होती. १ मे २०२४ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारले. १५ जणांना अटक झाली. त्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होता.

कायदा आहे. दाभोलकर गेल्यावर चारच दिवसांनी राज्यपालांनी वटहुकमावर सही केली आणि २०१३ च्या डिसेंबरात कायदा मंजूर झाला. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते, असे म्हणून तिला छळणे हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे बाबाइतकाच नाव घेणाराही गुन्हेगार ठरू शकतो. मी लहान होतो आणि कायदा नव्हता, एवढेच.

अशा वेळी आपण 'जमावाचे वेड' म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. सेलममध्ये झटके मुलींना आले, पण प्रश्न मोठ्यांनी विचारला. आमच्याकडे ताप भावाला आला, प्रश्न बाबाने विचारला. दवाखाना लांब, रस्ता नाही, पोर हातात मरते, आणि कशाने मेले हे सांगायला कोणी नाही. अशा दुःखात माणूस 'का?' असे विचारतो. त्याचे 'कोणी?' होते, तिथे घात होतो. 'का?' याचे उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळते. 'कोणी?' याला मात्र एकटी बाई, परका माणूस, खालची मानलेली जात, यांच्यापैकी कोणीही पुरते.

सेलमची दोन माणसे सांगून थांबतो. ॲन पुटनम ही १२ वर्षांची मुलगी नावे घेण्यात पुढे होती. १७०६ मध्ये तिने चर्चमध्ये सर्वांसमोर माफी मागितली, मात्र आपल्याला सैतानाने फसवले असे ती म्हणाली. दुसरी एलिझाबेथ जॉन्सन. तिला फाशीची शिक्षा झाली, पण ती वाचली. तिच्या नावावरचा डाग मात्र राहिला. तिकडच्या आठवीच्या मुलांनी वर्गात हा इतिहास शिकताना ते पाहिले, शिक्षिकेबरोबर पाठपुरावा केला, आणि २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले. ३२९ वर्षांनी.

आमच्या जिल्ह्यांतल्या आठवी-दहावीच्या वर्गांत कोणीतरी ही गोष्ट सांगावी आणि सरांचा तो प्रश्नही विचारावा. माझ्या उत्तराला उशीर झाला. ती म्हातारी आता नाही. मला सैतानाने फसवले नव्हते. मी टेंभरं खाल्ली होती, ती गोड होती, आणि तरी मी तिचे नाव घेतले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)