घराण्याची नोंद आणि रक्तातील प्रथिने

पांढुर्णा-सौंसर भागातील आपली घराणी जुनी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांची, खापरपणजोबांची नावे सापडतात. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, हे तिथे कळते. कोण कशाने गेला, हे मात्र कळत नाही. घरात विचारावे तर "छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले" एवढेच उत्तर मिळते. वय कोणी पन्नास सांगतो, कोणी साठ. रक्ततपासणीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे ही न लिहिलेली ओळ किती मोलाची होती ते ध्यानात येते.

या इतिहासाची सुरुवात हृदयापासून झाली नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. त्या जंतूतील 'सी' नावाच्या अंशाशी रोग्याच्या रक्तातला एक पदार्थ जुळून साका धरत असे. रोगी बरा झाला की तो पदार्थ नाहीसा होई. तेच सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, आजच्या रिपोर्टावरचे सीआरपी. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत ते रक्तात सोडते.

१९९७ साली पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील निरोगी डॉक्टरांचे, पूर्वी घेऊन गोठवून ठेवलेले रक्त तपासले. ज्यांचे सीआरपी सर्वांत वरच्या चौथाईत होते, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण सर्वांत खालच्या चौथाईच्या सुमारे तिप्पट निघाले. पण नंतरच्या आनुवंशिक अभ्यासांत दिसले की, ज्यांचे सीआरपी जन्मजात गुणामुळेच थोडे जास्त असते, त्यांना झटके अधिक येत नाहीत. म्हणजे सीआरपी हा धूर आहे, विस्तव नव्हे. साधा ताप किंवा दाढेतला पू यांनीही तो आकडा चढतो.

दुसरी गोष्ट आपल्या ताटाशी जोडलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी, तर ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले आढळले. होमोसिस्टीन हे प्रथिन नव्हे, अमिनो आम्ल आहे. रक्तवाहिन्यांच्या विकाराशी त्याचा संबंध १९६९ साली किल्मर मॅकली यांनी जोडला होता. शाकाहारी माणसांत ब-१२ कमी असण्याची शक्यता ४.४ पट होती. आम्हा जैनांनी तर हा आकडा लक्षात ठेवावाच, कारण रक्त आणि नसांसाठी ब-१२ लागतेच. मात्र मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवले, तरी हृदयविकाराचे झटके त्या मानाने कमी झाले नाहीत. इथेही खूण आणि कारण एक ठरले नाहीत.

मग विस्तव कोणता? १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी लायपोप्रोटीन-ए शोधले. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणाला एक जादा प्रथिन चिकटले की हा कण होतो. त्याचे प्रमाण मुख्यतः आईबापांकडून येते. पथ्याने वा व्यायामाने ते फारसे हलत नाही. २००९ च्या आनुवंशिक अभ्यासांनी ते प्रत्यक्ष कारण असल्याला बळ दिले. अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या २०१९ च्या विश्लेषणात आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हा धोका ठळक दिसला.

आता तर एका वेळी हजारो प्रथिने मोजता येतात. ब्रिटनच्या यूके बायोबँकेतील ५४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातील सुमारे तीन हजार प्रथिनांचे काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. पण ती माणसे बहुतांशी युरोपीय वंशाची. त्यांच्या रक्तावर बेतलेली फूटपट्टी आपल्याला लावण्याआधी ती आपल्या लोकांवर पडताळून पाहिली पाहिजे.

म्हणून नागपूरला जाऊन तपासण्यांचे महागडे पॅकेज घेण्याआधी घरात एक वही करा. कोण कोणत्या वयात आणि कशाने गेले, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहा; ती गेली की विचारायला कोणी उरत नाही. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली वा गेली असेल, तर फिजिशियनला ती वही दाखवा आणि लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासून घ्या. तो आकडा चढा निघाला म्हणून हातपाय गाळू नका. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि खर्रा आपल्या हातात आहेत. अशा घराने ते अधिक कसोशीने सांभाळायचे.

आणि मी होमिओपॅथीचा डॉक्टर असूनही सांगतो : छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, तर माझ्या दवाखान्याची पायरी चढू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा.