उंबऱ्याबाहेरच्या काठ्या

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात, जेथे अफाट शेतांतून सरळ धावणारे रस्ते एकमेकांस काटकोनात छेदतात, तेथील बर्फावरील हॉकीच्या तरुण संघांचा अर्धा हंगाम बसच्या दीर्घ प्रवासात सरतो. आणि परगावाहून आलेली ही मिसरूड फुटल्या वयाची मुले ज्या कुटुंबांत मुक्कामास असतात, तेथील गृहिणी त्यांस पोटच्या लेकरांप्रमाणे जेवू घालते, हे ध्यानी घेतल्यावाचून त्याच प्रांतातील हम्बोल्ट गावाच्या शोकाची खोली कळावयाची नाही.

३० डिसेंबर १९८६ रोजी स्विफ्ट करंटच्या संघाचे चार खेळाडू अशाच प्रवासात मृत्यू पावले होते. पुढे ६ एप्रिल २०१८ रोजी निपाविनला सामन्यासाठी निघालेल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोस संघाच्या बसची, थांबण्याची सूचना न पाळता आलेल्या मालट्रकशी टक्कर होऊन २९ पैकी १६ जण गेले. त्याच चौफुलीवर १९९७ च्या अपघातात गेलेल्या सहा जणांचे क्रूस आधीच उभे होते. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर देशभर लोकांनी ओसरीवरचा दिवा तेवत ठेवून दाराबाहेर हॉकीची काठी उभी केली, एखाद्या पोराला, तो जेथे कोठे असेल तेथे, तिची गरज लागेल म्हणून.