यकृताचा तुकडा आणि पितळेचे पातेले

यकृताची बायोप्सी, म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणे, ठरली की रुग्णाला बऱ्याच सूचना ऐकाव्या लागतात. आधी रक्त नीट गोठते की नाही ते तपासून घ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, सुई आत जाताना श्वास रोखून धरा, नंतर उजव्या कुशीवर पडून राहा, काही तास उठू नका. पुष्कळांना हा दवाखान्याचा सोपस्कार वाटतो. तसा तो नाही. यातली जवळजवळ प्रत्येक सूचना कुणाच्या तरी रक्तस्रावातून शिकलेली आहे. तुकड्याने मिळणारे उत्तर सुईच्या धोक्याहून मोलाचे असेल तेव्हाच ही तपासणी समर्थनीय ठरते, आणि हा हिशेब डॉक्टरांना एका दिवसात जमलेला नाही. त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८८३ साली जर्मनीत पाऊल एर्लिख यांनी मधुमेहाच्या रुग्णाच्या यकृतात सुई घालून पेशी ओढून काढल्या. त्यांना त्यातले ग्लायकोजेन पाहायचे होते. प्रश्न शास्त्राचा होता, रुग्णाच्या उपचारात त्याने काही फरक पडणार नव्हता. पुढची पन्नासेक वर्षे हा प्रकार तुरळकच राहिला आणि ते बरेच झाले, कारण यकृत रक्ताने भरलेले असते आणि बाहेरून रक्त देण्याची भरवशाची सोय तेव्हा नव्हती. चित्र बदलले ते काविळीमुळे. पित्तनलिकेच्या तोंडाशी चिकट स्रावाचा बोळा अडकतो, पित्त तुंबते आणि कावीळ होते, असे रोगशास्त्रज्ञ फिर्खो यांच्यापासून मानले जाई. या काविळीने माणसे सहसा मरत नसत, त्यामुळे शवविच्छेदनात हा समज तपासण्याची संधी क्वचितच येई. १९३९ साली कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी जिवंत रुग्णांच्या यकृताचे तुकडे काढून पाहिले, तर बिघाड नळीत नव्हता, खुद्द यकृताच्या पेशींत होता. युद्धकाळात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डिबल, मॅकमायकल आणि तरुण शीला शेरलॉक यांनी हे काम पुढे नेले. साथीची कावीळ, रक्तद्रव टोचल्यानंतरची कावीळ आणि उपदंशावरच्या आर्सेनिकच्या औषधानंतरची कावीळ, या तिन्हींत यकृताची इजा एकसारखीच दिसते, असे त्यांनी १९४३ साली दाखवले. त्या रुग्णांना नीट विचारले होते का, हा आक्षेप इथे घ्यायलाच हवा. मॉरिस पॅपवर्थ या डॉक्टरांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या रुग्णालयांत रुग्णांवर चाललेल्या प्रयोगांविषयी पुस्तक लिहिले, त्यात हॅमरस्मिथचेही नाव होते. ज्ञान मिळाले म्हणून न विचारल्याचे समर्थन होत नाही. संमतिपत्र वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, ते याचसाठी.

धोका कमी झाला तो मुख्यतः वेळ कमी केल्यामुळे. यकृत श्वासपटलाला लागून असते आणि प्रत्येक श्वासाबरोबर खाली-वर होते. बरगड्यांमधून घातलेली सुई जागेवर स्थिर आणि यकृत मात्र हलते, अशी स्थिती काही क्षण जरी राहिली तरी यकृताचे आवरण चिरले जाऊ शकते. जुन्या सुया आत शिरल्यावर फिरवाव्या लागत, त्यात वेळ जाई. इटलीतल्या जॉर्जियो मेंगिनी यांनी १९५८ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि तिच्या शीर्षकातच एका सेकंदाचा उल्लेख केला. बारीक भिंतीची, धारदार टोकाची सुई, तिला जोडलेल्या सिरिंजमध्ये सलाइन, दट्ट्या मागे ओढून केलेला निर्वात आणि एकच झटका. तुकडा सिरिंजमध्ये जाऊन विस्कटू नये म्हणून सुईच्या पोकळीत त्यांनी एक छोटी अडणीही बसवली होती. आज बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीवर जागा पाहून, त्वचा बधिर करून सुई घालतात, पण श्वास रोखायला सांगतात तो याच कारणासाठी. उजव्या कुशीवर निजल्याने टोचलेली जागा बरगड्यांशी दाबली जाते. काही तास नाडी आणि रक्तदाब पाहत राहण्यामागेही आकडे आहेत. इटलीत ६८,२७६ बायोप्सींचा आढावा १९८६ साली प्रसिद्ध झाला. गुंतागुंतींपैकी ६१ टक्के पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्के चोवीस तासांत उद्भवल्या होत्या, आणि मृत्यूचे प्रमाण लाखात नऊच्या आसपास होते. उजव्या खांद्यात कळ येते तेव्हा रुग्ण घाबरतो, पण यकृताजवळच्या चेतातंतूची वेदना खांद्यात जाणवते एवढेच ते असते. ती वाढत गेली, चक्कर आली किंवा पोट ताठरले तर मात्र लगेच सांगावे. ज्यांचे रक्त गोठत नाही किंवा पोटात पाणी झाले आहे, त्यांच्यासाठी मानेतल्या शिरेतून यकृतापर्यंत जाण्याची वाट निघाली. त्यात रक्त आलेच तर ते बहुधा शिरेतच परत जाते.

एवढा खटाटोप करून तुकडा काय सांगतो, याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रातला आहे. १८८७ साली कोलकात्यातून एका बालरोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. वर्ष-दोन वर्षांचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, बरगडीखाली यकृताची कडक, धारदार कड हाताला लागे, मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेक वेळा मृत्यू. एकाच घरातली भावंडे एकामागून एक दगावत, त्यामुळे हे रक्तातूनच आले असे घरच्यांनाही वाटे आणि डॉक्टरांनाही. १९७०च्या दशकात या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिनने रंगवल्यावर पेशीपेशींत गडद तपकिरी कण दिसले. तांबे साठल्याची ती खूण होती. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते, इथे ते ८०० च्या वर होते. १९७९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आले. मग प्रश्न उरला की हे तांबे आले कुठून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्या साथीने मुलांच्या आहाराची चौकशी केली, आणि माग स्वयंपाकघरात पोचला. आईच्या दुधाऐवजी लवकरच गाई-म्हशीचे दूध सुरू केलेले असे, आणि ते पितळेच्या पातेल्यात तापवून त्यातच ठेवलेले असे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि दुधातले केसिन तांब्याला धरून ठेवते. भांडे तापवून, नवसागर टाकून कल्हईवाला आतून कथलाचा पातळ थर फिरवतो, तो शाबूत असेल तर दुधाचा पितळेशी संबंधच येत नाही. कल्हई नसली किंवा उडाली की तान्ह्या मुलाच्या यकृतावर भार पडू लागतो. आधीच नवजात बाळाच्या यकृतात तांबे जास्त असते आणि ते बाहेर टाकण्याची त्याची ताकद अपुरी असते.

यावर आक्षेप सरळ आहे. पितळेची भांडी तर घरोघरी होती, मग काहीच मुले का गेली? मूळ दोष रक्तातच असेल, भांडे निमित्त. तशी अंगभूत नाजूकता असू शकते, हे मान्य करायला हवे. पण ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने दगावली होती. तिथेही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवत, आणि भांडी बदलल्यावर आजार थांबला. आपल्याकडेही स्टीलची भांडी आली, मुलांच्या दुधाबाबत सल्ला दिला गेला, लवकर सापडलेल्या मुलांना शरीरातले तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनने फायदा झाला, आणि हा आजार दुर्मीळ झाला. नाजूकता असेलही, पण जीव वाचवण्याजोगी गोष्ट भांडे हीच होती, आणि तिच्याकडे बोट दाखवले ते यकृताच्या तुकड्याने.

दुसरा आक्षेप आजचा आहे. सुईत येणारा तुकडा साऱ्या यकृताचा पन्नास हजारावा हिस्सा, आणि फ्रान्समधून २००३ च्या सुमारास आलेले फायब्रोस्कॅन तर न टोचता यकृताचा ताठरपणा मोजते, मग सुई कशाला? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. हेपटायटिस सीच्या बहुतेक रुग्णांना आता बायोप्सी लागत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ताठरपणा कळला म्हणजे कारण कळले असे होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली आहे का, प्रत्यारोपित यकृत शरीर नाकारते आहे का, एखाद्या औषधाने वा काढ्याने इजा केली आहे का, अशा प्रश्नांत पेशी पाहाव्याच लागतात. कोरोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झालेल्या मुंबईतल्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली. असा वाद तोंडी मतांनी मिटत नाही, त्यासाठी पेशींचा पुरावा हाती असावा लागतो.

तेव्हा बायोप्सी सुचवली गेली तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: या तुकड्याने माझ्या उपचारात काय बदलेल, रक्ततपासणी वा फायब्रोस्कॅनने ते कळणार नाही का, आणि माझ्यासाठी बरगडीतून वाट योग्य की मानेतून? अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, काढे, चूर्णे, जे काही घेत असाल ते लपवू नका. त्या दिवशी घरचे एक माणूस सोबत न्या आणि पहिली रात्र रुग्णालयाच्या जवळपास काढा.