मध्यरात्रीचे शाकाहारी ताट : मुंबईतील रात्रीच्या उपाहारगृहांचा पूर्वेतिहास

मुंबईत रात्री अकरानंतरही शाकाहारी माणसाला गरम जेवण मिळते ही गोष्ट आज कोणालाही विशेष वाटत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आचारधर्माच्या चौकटीत ती जवळजवळ अशक्य होती. अन्न कोणाच्या हातचे आहे आणि ते कोणत्या वेळी खाल्ले जात आहे, हे दोन्ही प्रश्न त्या काळच्या शाकाहारी समाजांत फार कडक होते. सोवळे पाळणाऱ्या कुटुंबांत परक्या जातीच्या हातचे शिजवलेले अन्न, विशेषतः पाण्यात शिजवलेला भात, वर्ज्य मानले जाई; तर शहराच्या व्यापारात मोठा वाटा असलेल्या जैनांत चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाण्याचा संपूर्ण त्याग, हे व्रत रूढ होते. या दोन्ही बंधनांना ज्या घटकाने सैल केले तो मुंबईतील काम होय, आणि म्हणूनच या उपाहारगृहांचा इतिहास पाकशास्त्रापेक्षा कामाच्या तासांत अधिक स्पष्ट दिसतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि मावळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विजेचे दिवे आले आणि काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यातून उसळलेल्या असंतोषानंतर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणि १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांतील काम दहा तासांवर आणले. एका माणसाचे तास कमी झाले तरी यंत्र थांबवणे मालकांना परवडणारे नव्हते, त्यामुळे दुहेरी आणि पुढे तिहेरी पाळ्यांची पद्धत पसरली. दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटे आणि त्याच वेळी तिसरी पाळी भरे. रात्री बारा वाजता हजारो भुकेली माणसे रस्त्यावर असण्याची ही मुंबईतील पहिली नियमित वेळ होती.

या माणसांच्या पोटाची व्यवस्था खाणावळींनी केली. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेले कामगार चाळीतील गाळ्यात पाळीपाळीने झोपत आणि शेजारच्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. ही बाई बहुधा कामगाराचीच पत्नी किंवा विधवा असे, आणि तिची चूल गिरणीच्या भोंग्यावर चाले. खाणावळीचे जेवण मुख्यतः मांसाहारी, त्यातही सुक्या-ओल्या मासळीचे असे; श्रावणात आणि वाराच्या दिवशी तेवढी भाजी-उसळ होई. शाकाहारी उपाहारगृहाच्या वंशावळीत तिला थेट पूर्वज म्हणता येणार नाही, तथापि पैसे देऊन, घराबाहेर, अवेळी जेवण्याची सवय या शहराला तिनेच लावली आणि हे श्रेय तिला क्वचितच दिले जाते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या स्त्रियांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या श्रमाची सार्वजनिक नोंद झाली.

कारकून, विद्यार्थी आणि नाटकांना येणारे प्रेक्षक यांची गरज वेगळी होती. गिरगावात १९०८ मध्ये सुरू झालेला माधवाश्रम आणि दादरला १९१० मध्ये निघालेले मामा काणे यांचे उपाहारगृह ही त्या गरजेची प्रसिद्ध उदाहरणे होत. अशा ठिकाणी स्वयंपाक्याची जात आणि स्वयंपाकघराची स्वच्छता यांची हमी हाच विश्वासाचा आधार होता. पहिला प्रश्न, म्हणजे कोणाच्या हातचे, येथे सुटला नाही, त्याला फक्त बाजारपेठेत जागा मिळाली.

तो खऱ्या अर्थाने मागे पडला तो उडुपी हॉटेलांमुळे. उडुपी हे दक्षिण कानडा भागातील, मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात स्थापन केलेल्या कृष्णमठाचे गाव. तेथील आठ मठांकडे दोन-दोन वर्षांनी आळीपाळीने पूजेचा अधिकार जातो, त्या व्यवस्थेला पर्याय म्हणतात, आणि पूजेइतकेच यात्रेकरूंना अन्नदान करणे हेही त्या मठाचे कर्तव्य असते. शेकडो पानांचा स्वयंपाक एका वेळी, ठरलेल्या क्रमाने आणि कांदा-लसणाशिवाय रांधण्याचे कौशल्य या अन्नदानातून पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले. १९२३ च्या महापुराने त्या भागातील शेतीची हानी झाल्यावर रोजगारासाठी बाहेर पडलेल्या लोकांनी ते कौशल्य मद्रास, बंगळूर आणि मुंबईत आणले. १८९६ च्या प्लेगनंतर नगरसुधारणा मंडळाने आखलेल्या माटुंग्यात दक्षिणी कारकुनांची वस्ती वाढलेली होतीच, ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये तेथे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. पुढच्याच वर्षी, मे १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग लागू झाले आणि पंगतीत मनसोक्त भात वाढण्याच्या रीतीवर मर्यादा आली, तरीही ही संस्था टिकली.

उडुपी हॉटेलाने नवी गोष्ट केली ती रचनेची. पंगतीऐवजी मेज आले, महिन्याच्या बोलीऐवजी ताटाचा दर आला, आणि गल्ल्यावर पैसे मोजणारा गिऱ्हाईक कोण आहे हे विचारण्याची सोय उरली नाही. १९५० च्या संविधानातील पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत धर्म, जात किंवा लिंग यांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. कायद्याने जे सांगितले ते व्यवहारात रुजवण्याचे काम या साध्या, स्वस्त मेजांनी पुष्कळ अंशी केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. आत मात्र दृश्य वेगळे होते. गावाहून आणलेली अल्पवयीन मुले मेज पुसत, रात्री गिऱ्हाईक संपल्यावर तीच मेजे जोडून त्यांवर झोपत, आणि पहाटेच्या इडलीसाठी वाटण करणारा माणूस त्याच वेळी कामाला लागलेला असे. त्यांच्यातील काही जण रात्रशाळांत शिकले. मंगळूरहून १९५० च्या सुमारास मुंबईत आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्या कष्टकऱ्यांच्या संघटना बांधल्या, त्यांत हॉटेल कामगारही होते.

वेळेचे बंधन सुटण्याची कथा काळबादेवीच्या कापूसबाजाराशी जोडली जाते. हिवाळ्यात मुंबईचे घड्याळ न्यूयॉर्कपेक्षा साडेदहा तास पुढे असते, म्हणून तेथील सकाळचे उघडते भाव येथे रात्री, आणि दुपारचे बंद भाव मध्यरात्र टळल्यावर तारेने येत. या भावांवर सौदे होत, आणि आकड्यांचा जुगारही होई. ‘मटका’ म्हणून पुढे कुप्रसिद्ध झालेल्या प्रकाराचे मूळ तेच. बंद भावाची वाट पाहणारे दलाल, गुमास्ते आणि हमाल यांची भूक भागवण्यासाठी तव्यावर उरलेल्या भाज्या चेचून पावाबरोबर देण्यास सुरुवात झाली आणि तीच पावभाजी, असे सांगितले जाते. दुसऱ्या एका कथेत तिचे श्रेय गिरणी कामगारांच्या दुपारच्या सुट्टीला जाते. दोन्ही कथांना समकालीन कागदाचा भक्कम आधार दाखवणे कठीण आहे. मात्र पदार्थाची घडण पाहिली तर रात्रीची कथा अधिक सयुक्तिक वाटते.

कारण पावभाजीत रात्री उशिरा करण्यासारखे फारच थोडे काम असते. बटाटे, वाटाणा, फ्लॉवर दुपारीच उकडून ठेवता येतात, पाव बेकरीतून आलेला असतो, आणि कणीक भिजवणे किंवा भात लावणे ही वेळखाऊ कामे मुळातच नसतात. रुंद लोखंडी तव्याच्या मध्यभागी, जेथे आच तीव्र असते तेथे, लोणी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि मसाला परततात. तयार भाजीचा ढीग कडेच्या मंद आचेवर सारून ठेवतात आणि मागणी येईल तसा त्यातला वाटा मध्ये ओढून, थोडे पाणी शिंपडून, चेचून गरम करतात. उभा चिरलेला पाव त्याच तव्यावर लोण्यात भाजला जातो. एक माणूस, एक तवा आणि दोन-तीन मिनिटे एवढ्यात ताट होते. अवेळी आलेल्या गिऱ्हाइकासाठी स्वयंपाकघर पेटते ठेवण्याचा खर्च या रचनेने जवळजवळ नाहीसा केला. पुढे याच पदार्थावर उभी राहिलेली ताडदेवच्या सरदारसारखी ठिकाणे रात्रीच्या गर्दीसाठी ओळखली जाऊ लागली.

याच तव्यावर आचारधर्मातील एक लक्षणीय बदल दिसतो. बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली आणि कांदा-लसूण वगळलेली जैन पावभाजी आज बहुतेक फलकांवर असते, आणि ती रात्री दहा-अकरालाही मागवली जाते. कंदमूळ न खाण्याचा नियम टिकला आणि सूर्यास्ताचा नियम अनेकांच्या बाबतीत सुटला; कारण पदार्थ बदलता येतो, बाजाराची वेळ आणि घरी पोहोचवणारी लोकल बदलता येत नाही.

मध्यरात्र ही शेवटची सीमा मात्र कायद्याने आखली होती. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने उपाहारगृहे पहाटे पाचपूर्वी उघडण्यास आणि रात्री बारानंतर चालू ठेवण्यास मनाई केली, आणि नोकराचे प्रत्यक्ष काम नऊ तासांपुरते मर्यादित केले. दार बंद होण्याची वेळ ही त्या कायद्यात मेजावर झोपणाऱ्या मुलाच्या विश्रांतीची तरतूद होती, हे सध्याच्या ‘रात्रजीवना’च्या चर्चेत अनेकदा विसरले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तिसरी पाळीच हळूहळू इतिहासजमा झाली, खाणावळी ओस पडल्या, आणि गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये व कॉल सेंटर उभी राहिली. त्यांचीही घड्याळे परदेशी बाजारांना बांधलेली होती. रात्रीचे गिऱ्हाईक पुन्हा आले, फक्त ते आता गळ्यात ओळखपत्र अडकवून येऊ लागले.

२०१७ च्या नव्या महाराष्ट्र अधिनियमाने, मद्य देणारी आणि तत्सम ठिकाणे वगळता, आस्थापनांना चोवीस तास खुले राहण्याची मुभा दिली. नोकरासाठी नऊ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली, आणि स्त्रियांना संमतीने व सुरक्षेच्या अटींवर रात्री साडेनऊनंतर काम करू दिले. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईच्या अनिवासी भागांत ही मुभा प्रत्यक्षात आली. दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली, तवे थंड झाले, आणि ते चालवणारे आचारी व वेटर गावांकडे परतले. त्यांच्याविना रात्री चालणारे एकही उपाहारगृह पुन्हा उघडणे शक्य नव्हते.