धडगाव परिसर आणि स्वयंसेवी संस्था : मदतीकडून हक्कांकडे

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. सातपुड्याच्या या डोंगराळ भागात पावरा व भिल्ल आदिवासी पाड्यापाड्यांत राहतात. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली. त्यांतील 9 अक्कलकुवा तालुक्यातील, तर 24 अक्राणीतील आहेत.

शिक्षण : नर्मदाकाठच्या अनेक गावांत सरकारी शाळा कागदावरच होत्या. त्यामुळे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाच्या पुढाकाराने चिमलखेडी (अक्कलकुवा) आणि निमगव्हाण (अक्राणी) येथे जीवनशाळा सुरू झाल्या. या निवासी शाळांत मुलांच्या बोलीपासून सुरुवात करून मराठीकडे नेले जाते. शिकलेल्या मुलांपैकी काहीजण पुढे तिथेच शिक्षक झाले.

जमीन : वनहक्क कायदा 2006 नुसार आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. दावा आधी ग्रामसभेकडे जातो. पुरावा म्हणून गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. दावा नामंजूर झाल्यास 60 दिवसांत अपील करता येते. हे माहीत नसल्याने कुटुंबे गप्प बसतात. दावा भरणे, नकाशा करणे, अपील लिहिणे यांत कार्यकर्त्याची खरी गरज असते.

आंबेडकरी वारसा : बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. त्यामागे उपकाराची भावना नव्हती. शिकलेला समाज आपला प्रश्न स्वतः मांडेल, हा विश्वास होता. धडगावच्या पाड्यांवरील कामालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

मर्यादा : संस्थेचा निधी प्रकल्पाच्या मुदतीपुरता असतो, तो संपला की काम थांबते. शिवाय संस्था शाळा चालवते म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 46 नुसार अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक व आर्थिक हित जपणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

म्हणून फोटो किती छापले, ब्लँकेटे किती वाटली, यापेक्षा एकच प्रश्न विचारावा : संस्था उद्या निघून गेली, तर ग्रामसभा आपला अर्ज स्वतः लिहू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल, तरच उत्थान झाले असे म्हणता येईल.