जबाबदार कोण? : सर रॉय ग्रिफिथ्स यांची लोकसेवा

आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज मोठ्या कंपन्यांत वरच्या अधिकारावर चढले आहेत. त्यांपैकी एखाद्यास उद्या सरकारी सेवेचे बोलावणे आले, तर व्यापारातील शहाणपण तेथे कितपत पुरे पडेल? ह्या प्रश्नाच्या विचारार्थ आम्ही एका इंग्रज गृहस्थाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रॉय ग्रिफिथ्स ह्यांचा जन्म १९२६ साली, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या पित्याच्या घरी झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी मोन्सॅन्टो ह्या रासायनिक कंपनीत नोकरी केली व १९६८ साली सेन्सबरी ह्या किराणामालाच्या प्रख्यात कंपनीत प्रवेश केला. तेथे ते व्यवस्थापकीय संचालकपदास पोहोचले.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली होती. १९७४ च्या पुनर्रचनेने तिचा स्थानिक कारभार डॉक्टर, परिचारिका, खजिनदार व प्रशासक ह्यांच्या मंडळांवर सोपविला. निर्णय एकमतानेच व्हावयाचा. सबब एकाने मान हलविली की काम अडे.

हा प्रकार आम्हांस नवा नाही. आम्ही शिक्षक असताना एका शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी फुटली. मुख्याध्यापकांनी समितीस लिहिले, समितीने उपसमिती नेमली, उपसमितीने अभिप्राय मागविला. मुले मात्र सारा उन्हाळा तहानेली राहिली. दोष कोणाचा, असे विचारता प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले. जे सर्वांचे काम, ते कोणाचेच नव्हे!

१९८३ च्या फेब्रुवारीत समाजसेवा खात्याचे मंत्री नॉर्मन फाउलर ह्यांनी ग्रिफिथ्स व उद्योगक्षेत्रातील आणखी तिघे ह्यांजकडे ह्या सेवेच्या व्यवस्थापनाची चौकशी सोपविली. जाडजूड ग्रंथ न लिहिता ग्रिफिथ्स ह्यांनी ऑक्टोबरात सुमारे चोवीस पानांचे एक पत्रच मंत्र्यांस धाडले. त्याचे सार असे, की येथे सूत्रधार कोण, हेच कळत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच जबाबदार व्यवस्थापक असावा. आरोग्यसेवेस नफा मिळवावयाचा नाही, हे त्यांस मान्य होते. परंतु तेवढ्याने खर्च, गुणवत्ता व रुग्णाचे मत ह्यांकडे डोळेझाक करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

सूचना अमलात आल्या. तथापि विरोधही झाला. मंडळातील आपले स्थान गेले म्हणून परिचारिका दुखावल्या, व १९८६ साली त्यांच्या संघटनेने वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. ही तक्रार निराधार होती, असे आम्हांस म्हणवत नाही. रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या व्यक्तीचा शब्द कारभारात ऐकू येऊ नये, हे योग्य नव्हे.

खरी कसोटी पुढेच होती. व्यवस्थापन मंडळाचे पहिले अध्यक्ष व्हिक्टर पेज हेही उद्योगक्षेत्रातूनच आले होते. त्यांनी १९८६ साली राजीनामा दिला. मंत्र्यांचा हस्तक्षेप व व्यवस्थापकाची मोकळीक ह्यांचा मेळ त्यांस बसविता आला नाही. त्यानंतर अध्यक्षपद मंत्र्याकडे गेले आणि ग्रिफिथ्स उपाध्यक्ष झाले. १९८८ साली त्यांनी वृद्ध व अपंगांच्या घरगुती शुश्रूषेविषयी दुसरा अहवाल दिला. ही जबाबदारी स्थानिक संस्थांकडे द्यावी, हा त्यांचा सल्ला पंतप्रधान थॅचर ह्यांस रुचणारा नव्हता. तरी १९९० च्या कायद्यात तो मुख्यतः स्वीकारला गेला. परंतु ह्या कामासाठी स्वतंत्र जबाबदार मंत्री असावा, ही त्यांची सूचना मात्र सरकारने मानली नाही. जो प्रश्न त्यांनी रुग्णालयांस विचारला, तो सरकारास विचारताच उत्तर मिळाले नाही.

१९९४ साली ग्रिफिथ्स निवर्तले. त्यांच्या चरित्रापासून आम्ही एवढाच बोध घेतो, की व्यापारी मनुष्याने लोकसेवेत येताना दुकानाची तागडी बरोबर आणू नये. हिशेबाची सवय मात्र अवश्य आणावी. आणि आपल्या संस्थांच्या कारभाऱ्यांनीही प्रत्येक ठरावाखाली एकच नाव लिहावे : हे काम कोण करणार?