यंत्राचा कठडा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा यांच्या उद्योगाचा पाया बेळगावात घातला गेला. आरंभी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर असा हा क्रम होता. १९१० साली हा कारखाना औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर गेला आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. हा इतिहास मराठी वाचकांस ठाऊक आहे. परंतु ज्या कडब्याच्या यंत्राने शेतकऱ्याचे कष्ट हलके केले, त्या प्रकारच्या यंत्राची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

या यंत्राला एक जड चाक असते व त्यावर पाती बसविलेली असतात. कडब्याची पेंढी दातेरी रुळांच्या तोंडाशी दिली की ते रूळ ती आत ओढून घेतात. धोका नेमका येथेच आहे. पेंढी सरकविणारा हात रुळांत सापडला तर तोही पात्याकडे ओढला जातो. फिरविणारा तत्काळ थांबला तरी जड चाक आपल्या वेगाने फिरतच राहते. हा दोष कोणा एका कारखानदाराचा नव्हे. तो यंत्राच्या रचनेतच होता आणि इतर देशांतही होता. म्हणूनच ब्रिटिश पार्लमेंटने मळणीयंत्रासाठी १८७८ साली आणि कडब्याच्या यंत्रासाठी १८९७ साली स्वतंत्र कायदे केले. हात रुळांपर्यंत पोहोचू नये अशी तोंडाची रचना असावी आणि चाक व पाती झाकलेली असावीत, असा १८९७ च्या कायद्याचा आशय होता. मात्र माणसाच्या हाताने चालणारी यंत्रे त्यातून वगळली होती.

हा विचार मुळात फार प्राचीन आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहे. पडणाऱ्याने जपून चालावे, एवढे सांगून तेथे घरधन्याची सुटका झालेली नाही.

हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. त्यात यंत्राला कुंपण घालण्याची तरतूद होती. पण तो शंभर वा अधिक कामकरी असलेल्या कारखान्यांपुरताच होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी अर्ज केला. त्यात रविवारच्या सुटीबरोबरच, जखमी कामगारास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९२३ साली झाला. कारखान्याची मर्यादाही क्रमाने खाली आली: १८९१ साली पन्नास, १९२२ साली वीस, आणि १९४८ साली यांत्रिक शक्ती असल्यास दहा कामकरी.

१९४८ च्या कायद्याने यंत्राच्या कुंपणाबरोबर धुळीचाही विचार केला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत या गोष्टीचे महत्त्व विशेष होते. तंबाखू कुटताना व चाळताना उडणारी भुकटी डोळ्यांत, घशात व छातीत जाते. त्या कामावर प्रामुख्याने स्त्रियाच असत. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या संघाने १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा चित्रपट काढला. जे संरक्षण कागदावर होते, ते मागावयास या स्त्रियांना एकत्र यावे लागले.

शेतकऱ्याच्या अंगणात मात्र कारखाने कायदा कधी पोहोचलाच नाही. पुढे विजेची मळणीयंत्रे आली, हात तुटू लागले, आणि अखेर १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. ब्रिटनमधील मळणीयंत्राच्या कायद्यानंतर तेव्हा एकशे पाच वर्षे लोटली होती.

उपाय मोठ्या खर्चाचे नव्हते व नाहीत. यंत्राच्या तोंडावर लांब आवरण असावे, पात्यांवर झाकण असावे, आणि काम संपताच चाक अडविणारी खीळ घालावी, म्हणजे मुलाने सहज ढकलले तरी ते फिरणार नाही. कडब्याचे यंत्र घेताना पात्याची धार सारेच पाहतात. तिच्याआधी हे आवरण व ही खीळ पाहिली, तर अनेक हात शाबूत राहतील.